वडिलांची दुसरी नोंद

म्हाताऱ्याने फोन रेडिओच्या मृत्युवार्ता घेणाऱ्या खिडकीच्या फळीवर ठेवला आणि बोटाने तिच्याकडे वळवला. रेस्तितुताला आधी काचेवरचा तडा दिसला आणि मग त्याच्याखालची, तांबड्या चौकटीतली ओळ: 'या बातमीदाराच्या वडिलांच्या निधनाची नोंद आधीच झालेली आहे. कृपया पुन्हा पाठवू नये.' तिने ती वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. चष्मा स्वच्छच होता. बाहेर काटवेच्या चढावर टॅक्सीवाले घसा फोडून गिऱ्हाइकं बोलावत होते, कचराकुंडीच्या कडेवर दोन टकले कालोली करकोचे मान खांद्यात खुपसून उभे होते, सकाळचे अकरा वाजून गेले होते, सगळं रोजच्यासारखं होतं; आणि सत्तावीस वर्षं ज्या खुर्चीत ती बसत आली होती त्याच खुर्चीत ती बसलेली होती. ही ओळ आज ना उद्या कोणीतरी तिच्यासमोर आणून ठेवणार हे तिला ठाऊक होतं. फक्त ती आणणारा माणूस कसा दिसेल याचा विचार तिने केला नव्हता.

"सुनेने बातमी तीन वेळा पाठवली," म्हातारा म्हणाला. "दर वेळी हेच उत्तर. ते म्हणतं, तुझे वडील आधीच वारलेत. मला का ठाऊक नाही, बाई? दोन हजार अकरात वारले. पण शुक्रवारी पुन्हा वारले."

त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती आणि तिलाही हसू आलं नाही. बुकोमान्सिंबीचा स्सालोंगो कागिमु, त्याने सांगितलं; स्सालोंगो म्हणजे जुळ्यांचा बाप. नाव ऐकताच तिला जुनी वही आठवली, वहीतलं पान आठवलं, स्वतःचं अक्षर आठवलं. दोन हजार अकरात याचा बाप गेला, आणि कुळाने त्या बापाच्या जागी सगळ्यात धाकट्या सावत्र भावाला उभं केलं. खांद्यावर झाडाच्या सालीचं कापड टाकलं, हातात भाला आणि काठी दिली, बापाचं येरेमिया हे नावही दिलं. त्या दिवसापासून तो एकोणीस वर्षांचा पोरगा पन्नाशी-साठीच्या भावंडांचा बाप झाला. तोंडदेखला नाही, खराच. रेस्तितुताचा स्वतःचा बाप आता सव्वीस वर्षांचा होता, किसेक्काच्या बाजारात फोनची कव्हरं विकायचा, आणि भेटला की ती भर बाजारात गुडघे टेकून त्याला नमस्कार करायची. त्याला लाज वाटायची, तिला वाटत नसे. म्हणून या खिडकीवर कोणी 'वडील गेले' म्हणून आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, लेखणी उचलण्याच्या आधीचा: कोणते वडील, जन्म दिलेले की जागेवर बसलेले? लोक सांगायचे. त्यात विशेष काही नव्हतं. पण बातम्या फोनवरून पाठवण्यासाठी कंपनीने काढलेल्या नव्या ॲपमध्ये हा प्रश्न नव्हता. त्यात एका माणसाला एकच बाप होता, आणि तो एकदाच मरू शकत होता.

"अपघात झाला," म्हातारा सांगत होता. "लुकाया रस्त्यावर, बोडाच्या मोटारसायकलवरून येताना. बत्तीस वर्षांचे होते माझे वडील. शनिवारी दुपारी पुरायचं ठरलं. रेडिओवरचं वाचन बंद झालंय हे आम्हाला कुठे ठाऊक, आम्ही सगळे रेडिओ मध्ये ठेवून बसलो. एक वाजता वाचतील म्हटलं, नाही वाचलं. तीनला वाचतील म्हटलं. खड्डा खणून तयार होता. चारचे पाच केले. शेजारी सोडले तर नऊ माणसं होती, बाई. नऊ. कुळाचा माणूससुद्धा आला नाही, त्याला कळलंच नाही. एखाद्या अनोळखी मुडद्याला पुरावं तसं पुरलं आम्ही बापाला." त्याने फोन जवळ ओढला, पुन्हा तिच्याकडे सरकवला. "गेल्या वेळी तुम्ही होतात. मी यादी दिली आणि तुम्ही विचारलंत, क्योतेराची आत्या राहिली का? राहिली होती. तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत. यंत्राला काय कळणार. तुम्ही असतात तर विचारलं असतंत."

ती होती. हेच तर तिला त्याला सांगता येईना. चार महिन्यांपूर्वी, तिसऱ्या मजल्यावरच्या केशरी खुर्च्यांच्या खोलीत, लाकेरच्या शेजारी ती बसलेली होती, आणि पडद्यावर 'मृताशी नातं' याच्याखाली 'वडील' असं लिहिलेलं होतं, आणि त्याच्याखाली सरळ तारीख विचारली होती. लाकेर गुलूची, ॲप बांधणाऱ्या चौघांतली एकटी बाई, तिशीची, शांत, नखं कुरतडायची सवय असलेली, सगळ्यांसारखीच रेस्तितुताला सेंगा, म्हणजे आत्या, म्हणणारी. ती म्हणाली होती, "सेंगा, तुम्ही एवढी वर्षं हे काम केलंत. यात काही राहिलंय का? मी उत्तरेकडची, तुमच्याकडच्या रीती मला ठाऊक नाहीत. उगाच कोणाचा अपमान व्हायला नको." आणि रेस्तितुताच्या तोंडात वाक्य तयार होतं, अगदी जिभेच्या टोकावर. मग तिची नजर लाकेरच्या पाठीमागच्या खोक्यावर गेली. खोक्यात जांभळे टी-शर्ट होते, छातीवर ॲपचं नाव छापलेले: मुबाका, म्हणजे निरोप्या. ते नाव वाचून तिच्या मनात काहीतरी आखडलं. निरोप्या. सत्तावीस वर्षं आपण कोण होतो मग? "छान झालंय गं," ती म्हणाली. "काही राहिलेलं नाही." आणि तपासणीच्या कागदावर तिने सही केली, नेहमीची, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली.

तेवढ्यावर थांबली असती तरी ठीक होतं. पण ती तिथून कॅन्टीनमध्ये गेली, आणि वर्तमानपत्राच्या विभागातल्या मुकीबीसमोर काटोगोची, केळी-आतड्यांच्या कालवणाची, थाळी घेऊन बसली, आणि तिने त्याला सांगितलं. मुकीबीच्या जिभेला हाड नव्हतं. कंपनीच्या प्रत्येक नव्या उद्योगाचं बारावं तो उद्घाटनाच्या आधीच करून मोकळा व्हायचा. निळे टी-शर्ट आले ते व्हिडिओ स्टुडिओच्या वेळी. तो नऊ महिने चालला. पिवळे आले ते शहरातली खाण्याची ठिकाणं दाखवणाऱ्या संकेतस्थळाच्या वेळी, ते सात. "कापड मात्र दर वेळी चांगलं असतं," मुकीबी म्हणायचा, आणि कॅन्टीनची बाई खरंच पिवळ्या टी-शर्टने टेबल पुसत असायची. त्या दिवशी तो पोट धरून हसला. "म्हणजे आता बघायचं, पहिला कोणाचा बाप अडकतो ते." तीही हसली होती. तोंडात केळ्याचा घास होता आणि तो घशात जाता जाता अडकला होता, इतकी हसली होती. आज त्या घासाची चवसुद्धा तिला आठवली, आतड्याचा तुकडा थोडा कच्चा होता. अविश्वासाची एक गोडी असते. घर बुडणार हे आपल्याला कळलंय आणि घरधन्याला कळलेलं नाही, ही ती गोडी. मालक बदलल्यापासूनची नऊ वर्षं या इमारतीतले सगळे जण त्या गोडीवर जगले होते, पगारापेक्षा जास्त.

"तुम्हाला काय हवंय, स्सालोंगो?" तिने विचारलं. आवाज तिला स्वतःला परका वाटला.

"वाचा."

"दफन तर झालंय."

"झालंय ना. पण जिंजाची बहीण म्हणते, तुम्ही लपवलंत. पुढचा वारस गुपचूप बसवायचा म्हणून बापाला गुपचूप पुरलंत, म्हणते. फोन उचलत नाही माझा. रेडिओ मात्र ती दुपारी ऐकतेच, चाळीस वर्षांची सवय आहे." त्याने कोटाच्या आतल्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. "माणूस मेल्यावर वाचून काही होत नाही हे मला कळतं, बाई. पण तिला ऐकू येईल."

कागदावर एक्केचाळीस नावं होती. तिने मोजली नाहीत. इतक्या वर्षांत यादी हातात घेतली की वजनाने कळायचं. पण दुपारी एकचं मृत्युवार्तांचं वाचन गेल्या महिन्यात बंद झालं होतं. आता निरोप फोनवर जायचे, आणि रेडिओवर दोन तासांतून एकदा एक रेकॉर्ड केलेली मुलगी हसऱ्या आवाजात सांगायची की आपल्या माणसांची बातमी मुबाकावर पाहा. येत्या शुक्रवारी खिडकीही बंद होणार होती. रेस्तितुताचं पत्र टेबलाच्या खणात होतं, सेवेबद्दल आभार मानणारं, पहिल्याच ओळीत तिच्या नावाची फोड चुकवलेलं. "इथेच बसा," ती म्हणाली. कागद हातात घेऊन ती उठली आणि जिना चढू लागली. चार मजले. लिफ्ट होती, पण तिला वेळ हवा होता.

पहिल्या मजल्यावर म्झेंचं, म्हणजे थोरल्या साहेबांचं, तैलचित्र होतं. म्झे क्यांबाद्दे, ज्यांनी एका हातछपाईच्या यंत्रावर ही कंपनी उभी केली. ते रोज संध्याकाळी तिच्या खिडकीशी यायचे, बाहेरच्या बाजूने, गिऱ्हाइकासारखे, कोपर फळीवर टेकून विचारायचे, आज कोण कोण गेलं? ती वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. मध्येच म्हणायचे, याच्या बायकोकडच्यांची नावं कुठायत? आणि खरंच राहिलेली असायची. त्यांच्यापाशी कोणी काही राखून ठेवत नसे. यंत्राचा पट्टा झिजलाय, तो अमका पिऊन येतो, परवाची पहिल्या पानावरची बातमी ऐकीव होती. तोंडावर सांगायचे लोक, आणि म्झे चिडायचे, शिव्या घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी पट्टा बदललेला असायचा. ते गेले तेव्हा तिने त्यांची यादी वाचली, सतरा मिनिटं. मग कुळाने जोहान्सबर्गच्या बँकेतून आलेल्या मुलाला उभं केलं. उन्हात सुटाबुटावर सालीचं कापड घेतलेला जोनाथन, हातात भाला कसा धरायचा हे न कळणारा, आणि हजार माणसांच्या देखत पहिली पुढे होऊन गुडघे टेकणारी ती. "ताता," ती म्हणाली होती, म्हणजे बाबा. गवत ओलं होतं, गुडघ्यांना गार लागलं होतं. त्या क्षणी तिच्या मनात काय होतं? दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली, कठड्याला धरून. तिच्या मनात होतं की याचे बूट फार चकचकीत आहेत.

जोनाथन क्यांबाद्देच्या खोलीत थंड हवा होती आणि भिंतीभर आलेख. त्याने तिला बसायला सांगितलं, कागद पाहिला, फोनवरच्या ओळीचा तिने काढून आणलेला फोटो पाहिला. पंचेचाळिशीचा माणूस, डोळ्यांखाली काळं.

"अशा किती तक्रारी आहेत, सेंगा?"

"ही पहिली."

"चार महिन्यांत तीन हजार निरोप गेले. त्यात एक."

"त्या एकाच्या दफनाला नऊ माणसं होती, साहेब."

त्याने कागद खाली ठेवला. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "ही लाकेरची तिसरी चूक. आधीच्या दोन मी पोटात घातल्या. महिनाअखेर तिला जायला सांगतो. बाकी दुरुस्ती आजच्या आज होईल, तुम्ही काळजी करू नका."

आता नुसतं 'बरं' म्हणून उठता आलं असतं. शुक्रवारनंतर ती इथे नसणार होती. लाकेर तिची कोणी नव्हती. सहीचा कागद कोणी काढून बघणार नव्हतं. मूग गिळून बसायची तर तिला आता सवयच झाली होती. पण डोळ्यांसमोर त्या पोरीची कुरतडलेली नखं आली. "लाकेरने मला विचारलं होतं," ती म्हणाली. "काही राहिलंय का म्हणून. मला दिसलं होतं. मी बोलले नाही."

"विसरलात?"

"नाही. मुद्दाम."

"का?"

"तुमचं ते बुडावं म्हणून."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता हा ओरडेल. म्झेंनी पेपरवेट फेकला असता. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण जोनाथन नुसता बघत राहिला, तिच्याकडे नाही, टेबलावरच्या स्वतःच्या हातांकडे. "खाली माझ्या टी-शर्टने टेबलं पुसतात," तो म्हणाला. "मला माहितीये. स्टुडिओ चालणार नाही हेही तुम्हा सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं ना? खालच्या मजल्याला ठाऊक, ड्रायव्हरला ठाऊक, कॅन्टीनच्या बाईला ठाऊक. मी प्रत्येकाला विचारलं. छान आहे, साहेब. फारच छान. माझ्या वडिलांना तुम्ही झिजलेल्या पट्ट्यापर्यंत सगळं सांगायचात. मला नऊ वर्षांत एका माणसाने एक गोष्ट सांगितली नाही."

"तुम्ही कधी खाली आला नाहीत," ती म्हणाली. हे खरं होतं, आणि पुरेसं नव्हतं, हे तिलाच ऐकू आलं.

"नाही आलो." त्याने मान हलवली. "त्या दिवशी तुम्हीच पहिल्या गुडघ्यावर बसलात. मला ताता म्हणालात. मला वाटलं, चला, एक तरी आहे. मनापासून म्हणाला होतात?"

तिने मान वळवली. खिडकीबाहेर खाली काटवेचा चढ दिसत होता, पत्र्याची छपरं, धूर, आणि कुंडीवरचे तेच दोन पक्षी, वरून फारच लहान दिसणारे. बाजारातल्या कव्हरं विकणाऱ्या पोरापुढे ती मनापासून वाकत होती, त्यात तिला कधी अडचण आली नव्हती. या माणसापुढे तिने फक्त गुडघे टेकले होते. तेव्हापासून आजपर्यंत तिच्या लेखी क्यांबाद्दे एकदाच झाले होते आणि एकदाच गेले होते, आणि दुसरी नोंद तिने घेतलीच नव्हती. तांबड्या चौकटीतली ती ओळ लाकेरने नंतर लिहिली. रेस्तितुताची स्वतःची आधीच लिहून तयार होती. तिला लाज वाटली, तोंडात मारल्यासारखी.

"एकच्या बातम्यांआधी जाहिरातींत तीस सेकंद मोकळी आहेत," जोनाथन म्हणाला. त्याने पडद्याकडे वळून तपासलं. "ती घ्या. त्याहून जास्त माझ्या हातात नाही, पुढची जाहिरात विकली गेलीय. आणि लाकेर राहील. तुम्हाला काढायचं म्हटलं तर ते आधीच झालंय." तो हसला नाही. ती दाराशी पोचली तेव्हा तो पुन्हा म्हणाला, "सेंगा, अजून काही राहिलंय का त्यात? माझ्यासाठी नको. त्या लोकांसाठी सांगा." ती उभी राहिली आणि तिने सांगायला सुरुवात केली: जुळ्यातलं एक गेलं तर गेलं म्हणत नाहीत, उडून गेलं म्हणतात, नवऱ्याची बातमी बायकोच्या नावाने निघत नाही, मोठ्या घरच्या माणसाची बातमी आधी कुळाच्या प्रमुखाला तोंडी जाते, मग बाकीच्यांना. तो लिहून घेत होता. म्झे कधी लिहून घेत नसत. एक वाजायला वीस मिनिटं कमी असताना ती जिन्यावर आली.

तीस सेकंदांत एक्केचाळीस नावं मावत नाहीत. मृताचं नाव, गाव, मृत्यूचा आणि दफनाचा दिवस, कळवणाऱ्याचं नाव, एवढ्यात अर्धा वेळ संपतो. स्टुडिओच्या बाहेरच्या बाकावर तिने कागद म्हाताऱ्याच्या मांडीवर पसरला आणि लेखणी उघडली. उभ्या आयुष्यात तिने या खिडकीवर एकच प्रश्न विचारला होता, कोण राहिलं. आज तिला विचारावं लागलं, "स्सालोंगो, कोणाला गाळायचं?"

तो यादीवरून बोट फिरवू लागला. ओठ हलत होते. क्योतेराच्या आत्यापाशी बोट थांबलं, पुढे गेलं, परत आलं. मग तो म्हणाला, "आधी माझं नाव काढा. मला माहितीये." आणि थोड्या वेळाने, "बहिणीचं पहिलं घ्या. जिंजाच्या एवा नाबिसेरेचं. मग कुळाच्या माणसाचं. मग जेवढी बसतील तेवढी." तो तिच्याकडे बघून कसनुसा हसला. "तुम्हाला त्रास दिला, बाई. तुम्ही मेहरबानी केलीत." तेव्हा तरी तिने सांगायला हवं होतं. दिवा हिरवा झाला, आतून यंत्रावरच्या माणसाने हाताने खूण केली, आणि ती उठून आत गेली.

तांबडा दिवा लागला. तिने बातमी वाचली, जुन्याच आवाजात, घाई न करता, कारण ती तिला येतच नव्हती: बुकोमान्सिंबीचे येरेमिया कागिमु, शुक्रवारी वारले, शनिवारी पुरले, ही बातमी लपवलेली नव्हती, ती पोचली नाही, चूक आमच्याकडची. हे शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं आणि त्याने चार सेकंद खाल्ली. जिंजाच्या एवा नाबिसेरे यांना कळावे. बुकोमान्सिंबीच्या कुळप्रमुखांना कळावे. क्योतेराच्या आत्या देझिरान्ता यांना कळावे. मुबेंदेचे, आणि तिथे दिवा विझला. भिंतीवरच्या पेटीतून कपडे धुण्याच्या साबणाचं गाणं सुरू झालं. यंत्रावरच्या माणसाने खांदे उडवले आणि कानांवरचे हेडफोन काढून ठेवले.

रेस्तितुता थांबली नाही. मुबेंदेचे लाझारो, तिने म्हटलं, बंद मायक्रोफोनमध्ये, त्याच आवाजात. लुवेरोच्या नालुंगा. मसाक्याचे दोघे भाऊ. काचेपलीकडे म्हातारा बाकावरून उठून उभा राहिला होता, टोपी हातात, डोळे तिच्या ओठांवर. त्याला काही ऐकू येत नव्हतं, साबणाचं गाणं सोडून. तरी प्रत्येक नावाला तो मान हलवत होता, एकाही ठिकाणी न चुकता, कारण क्रम त्याला पाठ होता. शेवटचं नाव येईपर्यंत बातम्या सुरू झाल्या होत्या.